विसर्पणातील ‘अंतिम’ मूल्य : काँक्रीटविषयक एका गृहीतकाची समीक्षा

प्रस्तावना

स्थायू पदार्थावर भार ठेवला की तो तत्काळ काही प्रमाणात विकृत होतो आणि भार काढला की पूर्ववत होतो, ही पदार्थांच्या बलशास्त्राची पहिली शिकवण होय. मात्र तोच भार वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर विकृती हळूहळू वाढत जाते. भार वाढलेला नसतो, केवळ काळ गेलेला असतो. या मंद विकृतीस अभियांत्रिकीच्या वर्गात ‘क्रीप’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी विसर्पण हा शब्द योजिला आहे. पुस्तकांच्या कपाटातील फळीला काही वर्षांनी येणारा बाक किंवा जुन्या वाड्यातील तुळईचा झोळ ही विसर्पणाचीच घरगुती रूपे होत. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही म्हण दैवाविषयी असली, तरी पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तिच्यातील क्रम उलटा आहे. घर सुस्थितीत असतानाच वासे सावकाश फिरत असतात.

विसर्पण होते याविषयी आज दुमत नाही. दुमत आहे ते विसर्पण कोठे थांबते याविषयी. काँक्रीटच्या संकल्पनासाठी वापरल्या जाणाऱ्या संहितांमध्ये आणि पाठ्यपुस्तकांमध्ये ‘अंतिम विसर्पण’ अशी एक राशी दिलेली असते. विसर्पण वाढत वाढत एका मूल्याशी येऊन स्थिरावते, असे तिच्या नावातूनच सूचित होते. हे ‘अंतिम’ विशेषण निरीक्षणातून आलेले नसून आकडेमोडीच्या सोयीतून आलेले आहे. आणि सोय व तथ्य यांमधील सीमारेषा पुसली गेल्यामुळे त्याची किंमत प्रत्यक्ष बांधकामांना मोजावी लागली आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

धातूंच्या अभ्यासातील ‘अंत’

विसर्पणाचा पद्धतशीर अभ्यास धातूंपासून सुरू झाला. झुलत्या पुलांसाठी लोखंडी तारा वापरल्या जाऊ लागल्या, तेव्हा फ्रेंच अभियंता लुई व्हिका यांनी अशा तारांवर त्यांच्या तुटण्याच्या भाराचे वेगवेगळे अंश टांगून ३३ महिने निरीक्षण केले आणि १८३४ मध्ये त्यांच्या क्रमशः लांबत जाण्याची नोंद प्रसिद्ध केली. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड अँड्रेड यांनी शिशाच्या तारेवर प्रयोग केले. तार लांबते तशी ती बारीक होते आणि त्यामुळे भार तोच राहूनही प्रतिबल वाढते, ही अडचण त्यांनी मोठ्या युक्तीने दूर केली. विशिष्ट आकाराचे वजन द्रवात बुडत जाईल अशी योजना केल्यामुळे तार जितकी बारीक होई, तितका भारही कमी होत असे. त्यातून त्यांना आढळले की विकृतीचा एक भाग काळाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि दुसरा भाग काळाच्या सरळ प्रमाणात. या दोहोंपैकी एकाही भागाला वरची मर्यादा नाही.

धातुविज्ञानात पुढे विसर्पणाच्या तीन अवस्था मानल्या गेल्या : प्रथम मंदावत जाणारी, नंतर स्थिर वेगाची आणि अखेर वेग वाढत जाऊन तुटण्याची. औष्णिक विद्युत केंद्रातील बाष्पनलिकांचे पोलाद निवडताना एक लाख तासांत ते कोणत्या प्रतिबलाला तुटेल हे पाहिले जाते. येथे ‘अंत’ या शब्दाचा अर्थ तुटणे हाच आहे. काँक्रीटच्या अभ्यासात मात्र ‘अंतिम’चा अर्थ नेमका उलट, म्हणजे स्थिरावणे असा झाला. एकाच घटनेचा अभ्यास करणाऱ्या दोन शाखांमध्ये एकाच शब्दाचे असे परस्परविरोधी अर्थ रूढ व्हावेत आणि पदवीच्या एकाच अभ्यासक्रमात ते दोन्ही शिकविले जात असताना कोणी त्याकडे लक्ष वेधू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

फ्रेसिने यांचा अनुभव

आपल्याकडील महाविद्यालयांत ‘फ्रेसिनेट’ या उच्चाराने परिचित असलेले युजीन फ्रेसिने हे पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे एक प्रमुख प्रवर्तक. त्यांच्या या कार्याचे मूळ एका संकटात आहे. फ्रान्समधील आलिए नदीवर ल व्हर्द्र येथे त्यांनी १९११ च्या सुमारास सुमारे ७२ मीटर गाळ्याच्या तीन अत्यंत सपाट काँक्रीट कमानींचा पूल बांधला. बांधकामानंतर काही महिन्यांतच कमानींचे माथे खाली येऊ लागले. त्या काळचे फ्रेंच शासकीय नियम काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक कायम मानत असत, त्यामुळे नियमांनुसार असे घडणेच अशक्य होते. फ्रेसिने यांनी मोजक्या माणसांना बरोबर घेऊन कमानींच्या माथ्याशी पुन्हा जॅक बसविले, कमानी उचलून घेतल्या आणि मग सांधे भरले. पूल वाचला. हा वृत्तान्त बव्हंशी त्यांनी स्वतः उत्तरायुष्यात सांगितलेला आहे आणि त्यात नाट्याचा अंश असणे शक्य आहे. तरीही नियमावली ज्या गोष्टीचे अस्तित्व मानत नव्हती, ती गोष्ट पुलाने दाखवून दिली, हा त्यातील गाभा निर्विवाद आहे.

या अनुभवातूनच १९२८ चे त्यांचे एकस्व आकारास आले. काँक्रीटमधील पोलाद आधीच ताणून ठेवले तर काँक्रीट दाबाखाली राहील आणि त्याला तडे जाणार नाहीत, ही कल्पना त्यांच्यापूर्वीही अनेकांनी मांडली होती. परंतु ती अपयशी ठरत असे. कारण साधे होते. सौम्य पोलादाची सळई १४० मेगापास्कलपर्यंत ताणली, तर तिची लांबी दहा हजारांत सात भाग एवढीच वाढते. काँक्रीट सुकताना आणि विसर्पणामुळे जे आखडते, तेही जवळपास तेवढेच असते. म्हणजे काही काळाने सळईतला सारा ताण संपून जातो. फ्रेसिने यांनी उच्चताण तारा वापरल्या. १००० मेगापास्कलला अशी तार हजारात पाच भाग ताणली जाते, त्यामुळे काँक्रीट आखडल्यावरही बराचसा ताण शिल्लक उरतो. पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे तंत्र हे अशा रीतीने विसर्पणाशी केलेला एक हिशेब आहे. किती गमवावे लागणार हे आधी ठाऊक असेल, तरच तो हिशेब जुळतो.

आकडे तेच, अक्ष वेगळे

‘अंतिम’ हा शब्द संहितेत कसा येतो, हे पाहण्यासाठी भारतीय मानक ४५६ ची २००० सालची आवृत्ती पुरेशी आहे. तिच्यात विसर्पण गुणांक पुढीलप्रमाणे दिले होते : सात दिवसांच्या काँक्रीटवर भार आल्यास २.२, अठ्ठावीस दिवसांच्या काँक्रीटवर आल्यास १.६ आणि वर्षभराच्या काँक्रीटवर आल्यास १.१. ‘अंतिम विसर्पण विकृती भागिले भार देतेवेळची स्थितिस्थापक विकृती’ अशी गुणांकाची व्याख्याही तेथे होती. तीन आकडे, आणि त्यांमागे मुदतीचा उल्लेख नाही. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षेत वापरतो आणि विसर्पण म्हणजे तत्काळ विकृतीच्या दीड-दोन पट होऊन थांबणारी गोष्ट, अशी त्याची समजूत होऊन बसते. संहितेने हे आकडे अंदाजासाठी म्हणून दिले होते, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. परंतु अंदाजाची मुदत न सांगता त्यास ‘अंतिम’ म्हणणे ही केवळ भाषेची सैल योजना नव्हे.

या समजुतीचा प्रायोगिक आधार कोणता, हे नेव्हिल यांच्या ‘प्रॉपर्टीज ऑफ काँक्रीट’ या, भारतातील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आढळणाऱ्या पुस्तकावरून समजू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ट्रॉक्सेल आणि सहकाऱ्यांच्या दीर्घ मुदतीच्या चाचण्यांवरून तेथे सरासरी प्रमाण दिले आहे. एका वर्षाचे विसर्पण १ मानले, तर ते दोन वर्षांनी १.१४, पाच वर्षांनी १.२०, दहा वर्षांनी १.२६, वीस वर्षांनी १.३३ आणि तीस वर्षांनी १.३६ होते. साध्या आलेखपत्रावर हे बिंदू मांडले तर वक्र झपाट्याने सपाट होताना दिसतो, आणि १.३६ च्या जरा वर कोठेतरी तो थांबणार असे डोळ्यांना पटते. ‘अंतिम’ मूल्याचा विश्वास बव्हंशी या दृश्यावर उभा आहे.

तेच आकडे वेगळ्या रीतीने वाचून पाहावेत. पाच वर्षांपासून दहा वर्षांपर्यंत वाढ ०.०६ आहे. दहापासून वीसपर्यंत ती ०.०७ आहे. म्हणजे वय दुप्पट झाले की वाढ जवळजवळ तेवढीच होते, आणि हेच लॉगॅरिथमी वाढीचे लक्षण होय. काळाचा अक्ष लॉगॅरिथमी घेतला, तर दोन वर्षांनंतरचे बिंदू ढोबळमानाने एका रेषेत येतात आणि त्या रेषेला कोठेही सपाट होण्याची घाई दिसत नाही. आकड्यांत काडीमात्र बदल झालेला नाही. बदलला तो केवळ कागद. पहिल्या कागदावर जे थांबणे वाटते, ते दुसऱ्या कागदावर केवळ मंद गती ठरते. तीस वर्षांच्या आकड्यांवरून या दोहोंत अखेरचा निवाडा करता येत नाही, हे खरे. परंतु निवाडा करता येत नसताना संहितांनी त्यांतील सोयीची बाजू निवडली, हेही तितकेच खरे. शिवाय प्रयोगशाळेतील बहुसंख्य चाचण्या सहा वर्षांच्या आतच संपलेल्या आहेत, तर पुलाचे अपेक्षित आयुष्य शंभर वर्षांचे असते.

कोरोर-बाबेलडाओब पूल

प्रशांत महासागरातील पलाऊ या द्वीपराष्ट्रात कोरोर आणि बाबेलडाओब ही बेटे जोडणारा पूल १९७७ मध्ये पूर्ण झाला. दोन्ही तीरांवरून काँक्रीटच्या पोकळ पेटीसारख्या तुळया टप्प्याटप्प्याने पुढे नेऊन मध्यभागी बिजागरीने जोडल्या होत्या. मुख्य गाळा सुमारे २४१ मीटरचा असून या प्रकारात तो त्या वेळी जगात सर्वांत लांब होता. त्या काळच्या युरोपीय शिफारशींनुसार संकल्पित पातळीपासून मध्यभाग अखेर ०.७६ ते ०.८८ मीटर खाली येईल आणि तेथे थांबेल, अशी अपेक्षा होती. १९९० मध्येच तो १.२२ मीटर खाली आलेला होता. अठरा वर्षांनंतर बांधकाम संपल्यापासूनचे खालावणे १.३९ मीटर, तर संकल्पित पातळीच्या तुलनेत १.६१ मीटर भरले, आणि ते थांबण्याचे चिन्ह नव्हते. तारांमधील पूर्वप्रतिबल मोजले असता सरासरी सुमारे निम्मे नाहीसे झालेले आढळले. प्रचलित सूत्रांनी हा ऱ्हास पाव भागाहूनही कमी धरला असता.

दोन स्वतंत्र तपासण्यांत पूल सुरक्षित असल्याचा निर्वाळा मिळाला होता. परंतु रस्त्याला आलेला झोळ वाहनचालकांना त्रासदायक होऊ लागल्याने १९९६ मध्ये दुरुस्ती हाती घेण्यात आली. मधली बिजागरी काढून दोन्ही अर्धे एकसंध करण्यात आले आणि जादा तारा ताणण्यात आल्या. त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबर १९९६ रोजी, वादळ वा भूकंप नसताना आणि पुलावर फारशी वाहने नसताना पूल कोसळला. दोघे मृत्युमुखी पडले. विमानतळ एका बेटावर आणि लोकवस्तीचा मोठा भाग दुसऱ्या बेटावर, शिवाय पाणी आणि वीज पुलावरूनच येणारी. त्यामुळे राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली. त्या जागी जपानच्या साहाय्याने बांधलेला तारांनी पेललेला नवा पूल २००२ च्या जानेवारीत खुला झाला.

या दुर्घटनेनंतरची हकिकत पुलाच्या हकिकतीइतकीच महत्त्वाची आहे. न्यायालयीन दावा तडजोडीने मिटला आणि तांत्रिक माहिती मोहरबंद करण्यात आली. २००३ मध्ये ‘इंडियन काँक्रीट जर्नल’मध्ये मॅक्डोनाल्ड, सराफ आणि रॉस यांचा या कोसळण्याविषयीचा लेख प्रसिद्ध झाला, म्हणजे भारतीय वाचकांना विषय अपरिचित नव्हता. परंतु मूळ आकडे अभ्यासकांना उपलब्ध नव्हते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील झ्देनेक बाझांत यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये बंगळूर येथे भरलेल्या संरचना अभियंत्यांच्या जागतिक परिषदेत अशा सर्व दुर्घटनांची तांत्रिक माहिती खुली करावी, असा ठराव मांडला. तो निरनिराळ्या देशांतील अभियंता संस्थांकडे पाठविण्यात आला, आणि जानेवारी २००८ मध्ये पलाऊच्या पुलाची माहिती खुली झाली. ज्या अपघातातून सर्वांत अधिक शिकता आले असते, त्याची कागदपत्रे अकरा वर्षे कुलपात राहिली. वैद्यकशास्त्रात असे घडले असते तर केवढा गहजब झाला असता, हा प्रश्न येथे मनात आल्यावाचून राहत नाही.

बाझांत यांची टीका आणि तिच्या मर्यादा

मिळालेल्या माहितीवरून बाझांत आणि सहकाऱ्यांनी पुलाचे त्रिमितीय गणित पुन्हा मांडले. अमेरिकन आणि युरोपीय संहितांची सूत्रे वापरली असता अठरा वर्षांतील खालावणे प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही कमी येत होते. जाड तळपाट आणि पातळ वरचा पाट वेगवेगळ्या वेगाने सुकतात, ही बाब सरासरी जाडी धरून चालणाऱ्या गणितात लोपते, हेही त्यांनी दाखविले. त्यानंतर त्यांनी निरनिराळ्या देशांतील पुलांच्या नोंदी गोळा केल्या आणि ती संख्या ६९ गाळ्यांपर्यंत गेली. त्यांचा निष्कर्ष असा की दीर्घ मुदतीचे खालावणे लॉगॅरिथमी रेषेवर चालत राहते आणि ‘अंतिम’ मूल्य मानणारी सूत्रे रद्द करावीत.

ही टीका प्रभावी आहे. तथापि ती जशीच्या तशी स्वीकारणे समीक्षेला धरून होणार नाही. बाझांत हे स्वतः एका पर्यायी प्रतिरूपाचे कर्ते आहेत. त्यांचे ‘बी ३’ प्रतिरूप १९९५ चे, आणि त्याचा पुढचा अवतार ‘बी ४’ २०१५ चा. इतरांची सूत्रे अपुरी ठरली की स्वतःचे सूत्र पुढे येते, ही वस्तुस्थिती वाचकाने ध्यानात ठेवली पाहिजे. दुसरे असे की जे पूल अपेक्षेपेक्षा अधिक खाली येतात, त्यांचीच मोजमापे होतात आणि प्रसिद्ध होतात. जे निमूटपणे अपेक्षेप्रमाणे वागतात त्यांची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. त्यामुळे ६९ गाळ्यांचा संग्रह सर्व पुलांचा प्रातिनिधिक नमुना ठरत नाही. तिसरा मुद्दा कार्यकारणाचा आहे. पलाऊचा पूल विसर्पणाने कोसळला असे म्हणणे अचूक नाही. विसर्पणाने तो वाकला, वाकला म्हणून दुरुस्ती झाली आणि दुरुस्तीनंतर तो पडला. या साखळीतील शेवटच्या कडीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. बाझांत यांच्या लेखनाच्या घाईघाईने केलेल्या वाचनात या तीन कड्या एकच होऊन जातात.

इतके म्हटल्यानंतरही त्यांच्या मुख्य दाव्याला एका वेगळ्याच दिशेने आधार मिळतो, आणि तो आधार पुलांच्या निवडीवर अवलंबून नाही. २००९ मध्ये व्हांदाम आणि उल्म यांनी काँक्रीटला बांधून ठेवणाऱ्या कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच्या अतिसूक्ष्म कणांवर टोकदार सुई दाबून प्रयोग केले. काही मिनिटांच्या या चाचण्यांतही विसर्पण लॉगॅरिथमीच आढळले. सिमेंटच्या जलसंयोगातून तयार होणारे हे कण एकमेकांवर सरकत, अधिकाधिक दाटीने बसत जातात. जसजशी दाटी वाढते तसतसे सरकणे अवघड होते, पण बंद पडत नाही. ज्या पदार्थाच्या मुळाशीच थांबण्याची यंत्रणा आढळत नाही, त्याच्या बाबतीत थांबण्याचे गृहीतक सिद्ध करण्याची जबाबदारी ते मांडणाऱ्यावर येते. युरोपातील २०१० च्या आदर्श संहितेने मूलभूत विसर्पणासाठी लॉगॅरिथमी रूप स्वीकारले आणि केवळ सुकण्याशी निगडित भागालाच मर्यादा ठेवली. सुकण्याला खरोखरच शेवट असतो, त्यामुळे हा भेद तर्कशुद्ध आहे. बाझांत यांच्या सरसकट मागणीपेक्षा तो अधिक समतोलही वाटतो.

भारतीय संदर्भ

भारतीय रस्ते काँग्रेसच्या ११२ क्रमांकाच्या संहितेने २०११ मध्ये विसर्पण गुणांकांचा जो तक्ता दिला, त्याच्या शीर्षकात ‘अंतिम’ हा शब्द राहिला; पण त्यासोबत सत्तर वर्षांची मुदत नमूद झाली. मुदत नमूद होणे ही लहान सुधारणा नव्हे. ‘अंतिम’ म्हणजे ‘सत्तर वर्षांचे’ असे एकदा लिहिले, की एकाहत्तराव्या वर्षी काय, हा प्रश्न विचारण्यास वाट मोकळी होते. मात्र वर्गात तक्ता फळ्यावर उतरवताना सत्तर हा आकडा गळतो आणि ‘अंतिम’ तेवढा उरतो.

हा प्रश्न दूरच्या बेटांपुरता नाही. बाझांत यांनी उल्लेखिलेल्या पुलांत गोव्यातील झुआरी नदीवरील १९८३ मध्ये वाहतुकीस खुला झालेला पूलही आहे. त्याचीही रचना मध्यभागी बिजागरी असलेल्या बाहूंची होती. त्याच्या बळकटीकरणाविषयीचा प्रबंध या शतकाच्या आरंभी भारतीय रस्ते काँग्रेसपुढे मांडला गेला, आणि शेजारच्या नव्या पुलाची पहिली बाजू २०२२ च्या अखेरीस खुली झाली. मुंबई-गोवा मार्गाने गेलेल्या अनेक मराठी प्रवाशांनी जुना पूल पार केलेला असेल. त्याच्या मध्यावर गाडीला बसणारा हलका धक्का बांधणीतील या बिजागरीच्या जागी बसत असे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी आले असेल.

महाविद्यालयांना या बाबतीत करता येण्याजोगे काम फारसे खर्चिक नाही. प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात काँक्रीटची एक तुळई दोन आधारांवर ठेवून तिच्यावर ठोकळे रचावेत, खाली डायल गेज लावावे आणि दरवर्षी नव्या तुकडीने वाचन घेऊन तापमान व आर्द्रतेसह ते नोंदवावे. आलेख साध्या आणि लॉगॅरिथमी अशा दोन्ही कागदांवर शेजारी शेजारी काढावा. पहिल्या तुकडीला त्यात काहीच दिसणार नाही आणि तिसरीला थोडेसे दिसेल. विभागप्रमुख बदलतील, इमारतीला रंग लागेल, आणि कोणीतरी तो कोपरा मोकळा करण्याची सूचना करील. त्या वेळी नोंदवही कोणाच्या हाती आहे, यावर तो प्रयोग अवलंबून राहील.